हीटरऐवजी एलईडी: खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या गॅस सेन्सरचे सुटे भाग, पारखून

गॅस सेन्सरमधला हीटर काढायचा आणि त्याच्या जागी यूव्ही (अतिनील) एलईडी लावायची, हा प्रयोग इलेक्ट्रॉनिक्स आणि फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये आता बराच दिसतो. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे: एरवी उष्णतेने जागा होणारा, गॅस ओळखणारा धातूच्या ऑक्साइडचा थर इथे प्रकाशाने जागा होतो. तरीही भाग आणून, जोडून, गॅस सोडला तरी आलेखावरची रेषा सपाटच राहते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो: एलईडीची तरंगलांबी आणि ऑक्साइडच्या थराची जाडी. म्हणून लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळणारा एकेक भाग इथे एकाच कसोटीवर पारखला आहे: प्रकाशावर सेन्सर चालवायला तो कामाचा आहे का? तयार, डबीबंद, प्रकाशावर चालणारा सेन्सर काउंटरवर मागून मिळत नाही. भाग आणून तो बनवावाच लागतो.

एमक्यू-१३५: यासाठी घेऊ नका

चार पिनांचं हे तयार गॅस सेन्सर मॉड्युल दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं आणि स्वस्त म्हणून पहिलं तेच घेतलं जातं. आत सिरॅमिकची बारीक नळी, नळीत निकेल-क्रोमची कॉइल, नळीवर टिन ऑक्साइडचा जाड लेप आणि वरून स्टीलची दुहेरी जाळी. हीटरचा रोध ३३ ओहम. ५ व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे पाऊण वॉट नुसता तापण्यात जातो.

तापवायचं कारण साधं आहे. हवेतला ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या कणांवर येऊन चिकटतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. गार असताना तो रेणूच्याच रूपात सुस्त बसलेला असतो. साधारण १५० अंशांच्या पुढे तो अणुरूप होतो आणि समोर आलेल्या अल्कोहोलशी किंवा एलपीजीशी झटकन प्रक्रिया करतो. १९६२ साली जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी ज्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला त्याचं सूत्र हेच. फिगारो कंपनीच्या ‘टीजीएस’ या नावातला ‘टी’ त्यांचाच.

एमक्यू-१३५चा हीटर तोडून वरून एलईडी लावण्यात अर्थ नाही. जाळी प्रकाश अडवते हे उघडच आहे, पण जाळी कापूनही काम होत नाही. नळी गोल असल्यामुळे प्रकाश एकाच अंगावर पडतो. टिन ऑक्साइडची बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला ३४४ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो आणि सहज मिळणारी यूव्ही एलईडी तिथवर पोचत नाही. शिवाय लेप जाड आहे, त्याबद्दल पुढे. हेच मॉड्युल हीटरवर नीट चालवायचं असेल तर पट्टीवरचा लोड रेझिस्टर एकदा पाहून घ्या. त्यावर ‘१०२’ छापलं असेल तर तो १ किलोओहमचा आहे. डेटाशीटची शिफारस २० किलोओहमची आहे.

तयार सेन्सरशी तुलना करायचीच असेल तर ती एसजीएक्स कंपनीच्या मिक्स-२७१४ शी करावी. प्रकाशावरचा सेन्सर ज्या वायूला सर्वांत उपयोगी पडतो त्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठीच तो बनवलेला आहे आणि त्याचा चिमुकला हीटर ४३ मिलिवॅटच्या आसपास घेतो. हा आकडा लक्षात ठेवा.

एलईडी: पैसे इथे घाला

दुकानात ‘यूव्ही एलईडी, ५ एमएम’ म्हणून जी जांभळी एलईडी हातात पडते ती बहुधा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरची असते. नोटेवरची खूण तपासायला ती चालते, पण सेन्सरच्या थरासाठी आपण वापरणार त्या झिंक ऑक्साइडला पुरत नाही. हिशेब असा: १२४० ला बँडगॅपने भागायचं. झिंक ऑक्साइडची बँडगॅप ३.३७, उत्तर ३६८ नॅनोमीटर. त्याहून लांब तरंगाचा प्रकाश इलेक्ट्रॉनला थेट वर उचलू शकत नाही. ३९५ वर काहीच होत नाही असं मात्र नाही. स्फटिकातल्या दोषांमधून, विशेषतः ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमधून, थोडा फोटोकरंट (प्रकाशामुळे वाहणारा करंट) येतो. पण तो कमी असतो, हळूहळू चढतो आणि पावडरीच्या प्रत्येक खेपेला वेगळा येतो. अशा सेन्सरवर कॅलिब्रेशन टिकत नाही.

३६५ नॅनोमीटरचीच एलईडी मागा आणि डेटाशीट दाखवल्याशिवाय घेऊ नका. डोळ्यांनी ओळखायची खूण आहे: ३९५ची भडक जांभळी दिसते, ३६५ची फिकट, निळसर-पांढुरकी, चालू आहे की बंद असा प्रश्न पडावा इतकी मंद. मंद दिसते म्हणून जवळ डोळा नेऊ नका. प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यात जातोच. यूव्ही अडवणारा चष्मा लावूनच जुळणी करा.

पॅकेजही महत्त्वाचं. इपॉक्सीच्या बुंध्यातली ५ एमएम एलईडी स्वतःच्याच यूव्हीने पिवळी पडत जाते, प्रकाश घटतो आणि सेन्सरची बेसलाइन (गॅस नसतानाचं वाचन) त्याबरोबर सरकते. दोष ऑक्साइडचा वाटतो, असतो एलईडीचा. क्वार्ट्‌झची काच असलेलं धातूच्या टोपीचं किंवा सरफेस माउंट पॅकेज महाग पडतं, पण महिनोन्‌महिने चालवायच्या सेन्सरला तेच घ्यावं. एलईडीशेजारी एक फोटोडायोड बसवून प्रकाश मोजत राहिलात तर घट कुणाची हे लगेच कळतं.

३६५ची एलईडी साधारण साडेतीन व्होल्ट मागते. ३.३ व्होल्टच्या ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनवरून ती नीट पेटत नाही. ५ व्होल्टवरून १५० ओहम जोडला तर ९-१० मिलिअँपिअर मिळतात, ६८० ओहम जोडला तर दोनच्या आसपास. रेझिस्टर सुरुवातीच्या चाचणीला पुरतो. पुढे कॉन्स्टंट करंटचं सर्किट हवं, कारण तापमान बदललं की एलईडीचा व्होल्टेज बदलतो, करंट बदलतो आणि वाचन हलतं.

एलईडी आणि ऑक्साइड यांच्यात ५ ते १० मिलिमीटर अंतर ठेवा आणि मध्ये काहीही येऊ देऊ नका. पॉलिकार्बोनेट यूव्ही गिळतं, अ‍ॅक्रिलिकच्या बऱ्याच प्रतींमध्ये यूव्ही अडवणारं द्रव्य मिसळलेलं असतं. साधी काच ३६५ नॅनोमीटरला बरीचशी पारदर्शक आहे, पण त्याहून आखूड तरंगाला नाही. डबीला खिडकी ठेवायचीच असेल तर क्वार्ट्‌झची ठेवावी.

पावडर आणि थर

झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर रसायनांच्या पुरवठादाराकडून, शुद्धता आणि कणाचा आकार छापलेली घ्या. सनस्क्रीनसाठीची कॉस्मेटिक प्रत घेऊ नका. तिच्या कणांवर अनेकदा सिलिकोनचा मुलामा असतो आणि मग गॅस पृष्ठभागाला शिवतच नाही. टायटॅनियम डायऑक्साइडला, अ‍ॅनाटेज रूपात, ३८७ नॅनोमीटर पुरतात, पण त्याचा रोध फार जास्त असतो आणि मोजणं अवघड जातं. टंगस्टन ऑक्साइड हा मात्र लक्ष देण्याजोगा पर्याय आहे. बँडगॅप साधारण २.७, म्हणजे ४५९ नॅनोमीटर. ४५० ची गडद निळी एलईडी चालते. ती स्वस्त असते, तिची इपॉक्सी यूव्हीइतकी लवकर खराब होत नाही आणि चष्म्याची कटकट कमी. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने टंगस्टन ऑक्साइड आणि निळी एलईडी ही जोडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजारातली नेहमीची निळी ४६५-४७० ची असते आणि ती काठावर पडते, एवढं जपा.

आता जाडी. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातून स्क्रीन प्रिंटिंगने बनवलेल्या जाड थरांच्या सेन्सरवर बरंच काम झालं आहे आणि महाराष्ट्रातल्या अनेक प्रयोगशाळा तीच रीत वापरतात: ७५ भाग ऑक्साइड, २५ भाग इथाइल सेल्युलोज आणि टर्पिनिऑल वगैरेंचं बाइंडर, छपाई, मग ५००-५५० अंशांना भाजणं. तापवून वापरायच्या सेन्सरला ही रीत उत्तम आहे. प्रकाशाच्या सेन्सरला ती जशीच्या तशी उचलली की फसते. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश झिंक ऑक्साइडमध्ये जेमतेम शंभर-दोनशे नॅनोमीटर आत जातो. भुसभुशीत थरात विखुरून थोडा खोल उतरतो, तरी वीस-तीस मायक्रॉनच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत काही पोचत नाही. परिणामी जागा झालेला ऑक्साइड वर आणि करंटची वाट खाली, अंधारात. साय घट्ट आली म्हणून खालचं दूध दाट होत नाही, तसंच हे.

म्हणून थर मायक्रॉनच्या आतबाहेरच हवा. १० मिलिग्रॅम पावडर १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घाला, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५-२० मिनिटं ठेवा, मायक्रोपिपेटने २-३ मायक्रोलिटरचा थेंब इलेक्ट्रोडवर सोडा, ८० अंशांना सुकवा. असे तीन-चार थर, मग भट्टीत ४०० अंशांना तास-दोन तास. थेंब सुकताना पावडर कडेला सरकून कडं तयार होतं आणि मध्यभाग उघडा पडतो. गरम पट्टीवर ठेवून लहान लहान थेंब दिले तर हे कमी होतं. मल्टिमीटरवर अंधारात रोध ‘ओव्हरलोड’ दाखवत असेल तर लगेच निराश होऊ नका, प्रकाश टाकून पाहा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रुळलेली स्प्रे पायरोलिसिसची (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर जमवण्याची) पद्धत हाताशी असेल तर तीच वापरा; काचेवर एकसारखा पातळ थर मिळतो आणि एलईडी खालूनही लावता येते.

इलेक्ट्रोड

एकमेकांत गुंफलेल्या कंगव्यांसारखे सोन्याचे इलेक्ट्रोड, अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर, १०० ते २०० मायक्रॉन अंतराचे: हे तयार मिळतात आणि किमतीला सार्थ आहेत. काटकसर म्हणून साध्या एफआर-४ पीसीबीवर (फायबरग्लासच्या सर्किट पट्टीवर) कंगवे काढून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. ती पट्टी ४०० अंश सोसत नाही, त्यामुळे थर भाजता येत नाही. दमट हवेत पट्टीच्याच पृष्ठभागावरून गळती करंट वाहतो आणि मेगाओहमच्या सेन्सरमध्ये तो खऱ्या सिग्नलइतका मोठा होऊ शकतो. चांदीच्या पेस्टचे कंगवेही टाळा. ओलाव्यात आणि सततच्या व्होल्टेजमध्ये चांदी सरकत जाऊन दोन बोटं जोडते.

मोजणारं सर्किट

झिंक ऑक्साइडचा पातळ थर अंधारात दहा-शंभर मेगाओहमांत आणि प्रकाशात खाली, काही मेगाओहम किंवा त्याच्याही आत येतो. आर्डुइनोच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) १० किलोओहमच्या आतला स्रोत अपेक्षित असतो. थेट जोडलात तर वाचन निव्वळ खोटं. अनेक जण मग एडीएस-१११५ ही वेगळी एडीसी चिप घेतात. चिप चांगली, सोळा बिटांची, पण तिचा इनपुट रोध निवडलेल्या रेंजवर अवलंबून आहे: ±४.०९६ आणि ±२.०४८ व्होल्टला ६ मेगाओहम, ±१.०२४ ला फक्त ३. तुमच्या १ मेगाओहमच्या लोडला तो समांतर बसतो. मध्ये एमसीपी-६००२ सारखा, पिकोअँपिअरचा बायस करंट असलेला ऑप-अँप बफर म्हणून (सेन्सरवर भार न टाकता व्होल्टेज पुढे द्यायला) घाला. काही रुपयांचं काम आहे. लोड रेझिस्टर १०० किलोओहम, १ आणि १० मेगाओहम असे तीन ठेवा, सेन्सरच्या प्रकाशातल्या रोधाच्या सर्वांत जवळचा निवडा. वायर आखूड, सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा. जवळपास सिलिकोन सीलंट वापरू नका, त्याच्या वाफा ऑक्साइडच्या पृष्ठभागावर सिलिकाचा पापुद्रा धरतात.

‘वॉर्म-अप लागत नाही’ ही या सेन्सरची जाहिरात अर्धी खरी आहे. तापायला वेळ लागत नाही, पण प्रकाशात स्थिरावायला लागतो. झिंक ऑक्साइडचा फोटोकरंट एलईडी विझवल्यावर तासन्‌तास रेंगाळतो आणि पहिल्यांदा चालू केल्यावर बेसलाइन कित्येक तास उतरत राहते. मोजमापाच्या आदल्या रात्रीच एलईडी चालू करून ठेवावी.

वीज खरंच वाचते का

एलईडी २० मिलिअँपिअरवर सतत पेटती ठेवली तर ७० मिलिवॅट लागतात. एमक्यू-१३५ च्या पाऊण वॉटपुढे हे काहीच नाही, पण वर सांगितलेल्या मिक्स-२७१४ च्या ४३ मिलिवॅटहून ते जास्त आहे! विजेची बचत हाच हेतू असेल तर एलईडी १-२ मिलिअँपिअरवर चालवा किंवा पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट उघडझाप करून, दहा टक्के वेळच पेटवा. एक किलोहर्ट्‌झची उघडझाप ऑक्साइडला सरासरी प्रकाशासारखीच भासते, कारण तो इतका चपळ नाही. मायक्रोवॅटची भाषा ज्या संशोधनात दिसते, उदाहरणार्थ कोरियातल्या कैस्ट या विद्यापीठाचं २०२० चं काम, तिथे झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा थेट सूक्ष्म एलईडीच्या डोक्यावरच बसवलेल्या आहेत. ५ एमएम एलईडीने ते आकडे गाठता येणार नाहीत.

प्रकाश कमी ठेवण्याचा दुसराही फायदा आहे. प्रकाशामुळे तयार झालेले होल (इलेक्ट्रॉन उचलला गेल्यावर उरलेल्या रिकाम्या जागा) पृष्ठभागावर येतात, चिकटलेल्या ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन सोडवून घेतात, तो उडून जातो आणि जागा मोकळ्या होतात. तिथे नायट्रोजन डायऑक्साइड बसतो, इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि रोध वाढतो. पण तोच प्रकाश बसलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडलाही हुसकावतो. म्हणून प्रकाश फार वाढवला की सेन्सर चपळ होतो आणि प्रतिसाद मात्र घटतो. फार कमी केला की प्रतिसाद मोठा, पण पूर्ववत यायला अर्धा दिवस. तुमच्या थरासाठी मधला बिंदू शोधावाच लागतो: १, २, ५, १० मिलिअँपिअर, प्रत्येकाला तीच मात्रा, तोच वेळ.

आणि हा परिणाम प्रकाशाचाच आहे, एलईडीच्या उबेचा नाही, हे दाखवल्याशिवाय आलेख कुणाला दाखवू नका. तितक्याच मिलिवॅटची लाल एलईडी त्याच अंतरावर लावून तीच चाचणी घ्या.

गॅस देताना

तांब्याच्या तुकड्यावर नायट्रिक अ‍ॅसिड टाकून नायट्रोजन डायऑक्साइड काढण्याचे व्हिडिओ पाहून तसं करू नका. तो विषारी आहे, फुप्फुसातली सूज काही तासांनी उमटते आणि मात्राही कळत नाही. प्रमाणित सिलिंडर आणि दोन मास फ्लो कंट्रोलर (वायू मोजून सोडणारी यंत्रं) असलेली प्रयोगशाळा गाठा. १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) सिलिंडरमधून मिनिटाला ५ मिलिलिटर आणि शुद्ध हवा ४९५ मिलिलिटर दिली की १०० पीपीबी (अब्जात शंभर भाग) मिळतात. आपल्या देशातलं नायट्रोजन डायऑक्साइडचं २४ तासांचं मानक ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे सुमारे ४२ पीपीबी. चाचणी त्या पातळीपर्यंत उतरली तरच सेन्सर रस्त्यावरच्या हवेच्या कामाचा. नळी टेफ्लॉनची हवी, रबरी आणि सिलिकोनची नळी हा वायू धरून ठेवते आणि मग सेन्सर सावकाश आहे असा गैरसमज होतो.

सिलिंडरची हवा कोरडी असते. त्या हवेत काढलेला देखणा आलेख कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात टिकत नाही. हीटर नसल्यामुळे पाण्याचा पापुद्रा ऑक्साइडवर तसाच बसून राहतो, ८०-९० टक्के आर्द्रतेत बेसलाइन वेगळी, प्रतिसादही वेगळा. प्रकाश तो पापुद्रा पूर्ण काढत नाही. टेफ्लॉनचा पडदा पाण्याचे थेंब अडवतो, वाफ नाही. हवा पाण्याच्या बबलरमधून नेऊन ३०, ५० आणि ८० टक्क्यांना वेगवेगळं कॅलिब्रेशन करा आणि शेजारी एसएचटी-३१ हा आर्द्रतेचा सेन्सर ठेवून त्याप्रमाणे दुरुस्ती करा. ओझोनही नायट्रोजन डायऑक्साइडसारखाच रोध वाढवतो, दुपारच्या उन्हातलं वाचन त्यामुळे फसवं निघू शकतं.

कुणी घ्यावा

नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन, पीपीबीच्या पातळीवर, बॅटरीवर: इथे प्रकाशाचा सेन्सर खरोखर चमकतो. अमेरिकेतल्या बर्कलेमध्ये २००२ साली टिन ऑक्साइडच्या नॅनोफितींवर खोलीच्या तापमानाला प्रकाशाने नायट्रोजन डायऑक्साइड ओळखता येतो हे दाखवलं गेलं, आणि तेव्हापासून सर्वांत भक्कम निकाल याच वायूंचे आहेत. स्वयंपाकघरातल्या एलपीजीच्या अलार्मला मात्र हा सेन्सर अजिबात लावू नका. प्रोपेन, ब्युटेन, मिथेन यांचे बंध तोडायला तापलेला पृष्ठभागच लागतो. तिथे एलपीजीसाठीच्या एमक्यू-६ चा हीटर आपलं काम करतो आणि तिथे जिवाचा प्रश्न आहे.

उद्याच शहरात दहा ठिकाणी नायट्रोजन डायऑक्साइड मोजायला सुरुवात करायची असेल तर अल्फासेन्स कंपनीचा एनओटू-बी४३एफ सारखा इलेक्ट्रोकेमिकल सेल घ्या. तोही तापवावा लागत नाही, त्यात ओझोन गाळणारा थर आहे, पण किंमत हजारांत जाते आणि सेल काही वर्षांत बदलावा लागतो. ऑक्साइड आणि एलईडीची जोडी अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरची आहे. प्रोजेक्टसाठी खर्च करायचा झाल्यास क्रम असा लावा: आधी डेटाशीटसकट एलईडी, मग सोन्याचे इलेक्ट्रोड, मग ऑप-अँप आणि एडीसी, पावडर सर्वांत शेवटी, कारण तिचे काही मिलिग्रॅमच लागतात.